साठेखत ते खरेदीखत : घर-जमिनीच्या व्यवहारातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यवहाराची बोलणी दोन-तीन बैठकांत संपतात, किंमत ठरते, पेढे वाटले जातात आणि मग एके दिवशी चाळीस पानांचा मसुदा हातात पडतो. तोही बहुतेकदा नोंदणीच्या आदल्या रात्री. आयुष्यभराची पुंजी ज्या कागदावर अवलंबून आहे, तो दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर बसून, टोकन नंबर पुकारला जात असताना वाचायचा नसतो. मसुदा निदान आठवडाभर आधी मागा, घरी बसून वाचा आणि जे तोंडी ठरलं ते त्यात उतरलं आहे का, एवढं तरी तपासा. खालचे प्रश्न महाराष्ट्रातले व्यवहार समोर ठेवून घेतले आहेत. मुद्रांकाचे दर आणि करांचे नियम बदलत असतात, म्हणून सहीआधी चालू दर पाहून घ्या आणि मसुदा स्वतःच्या वकिलाला दाखवा. समोरच्याच्या किंवा एजंटच्या वकिलावर भागवू नका.

साठेखत आणि खरेदीखत यांत फरक काय?

साठेखत म्हणजे ठरलेल्या अटी पूर्ण झाल्यावर मिळकत विकण्याचा करार. खरेदीखत म्हणजे प्रत्यक्ष विक्री. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की विक्रीच्या करारामुळे मिळकतीत कोणताही हक्क किंवा बोजा निर्माण होत नाही. मालकी बदलते ती नोंदणीकृत खरेदीखताने. साठेखत हातात असलेल्या माणसाला करार पुरा करून मागण्याचा अधिकार असतो, मालक म्हणून मिरवण्याचा नसतो.

तरीही माझ्या मते दोन्हींत जास्त काळजीने लिहायचा कागद साठेखतच. खरेदीखत होईपर्यंत पैसे दिलेले असतात, ताबा ठरलेला असतो, वाद व्हायचे ते होऊन गेलेले असतात. पैसे कधी, ताबा कधी, कर्ज नाकारलं तर काय, कोणी मागे फिरलं तर काय, हे सगळं साठेखतच ठरवतं.

टोकन द्यायचं आहे. साधी पावती पुरेशी आहे का?

कोऱ्या कागदावर 'अमुक रक्कम मिळाली' एवढंच लिहिलेली पावती म्हणजे फक्त पैसे दिल्याचा पुरावा. इसारपावती किंवा विसारपावती करायची तर तिच्यात मिळकतीचं पूर्ण वर्णन, ठरलेली एकूण किंमत, दिलेली रक्कम आणि ती कशी दिली (चेक नंबर किंवा बँक हस्तांतरणाचा क्रमांक), साठेखत किती दिवसांत करायचं आणि ते झालं नाही तर इसार कोणत्या कारणाने परत मिळेल वा मिळणार नाही, एवढं हवंच. विक्रेते एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या. 'भाऊ बाहेरगावी आहे, नंतर करेल' यावर एक रुपयाही देऊ नये, असं मी आग्रहाने सांगतो.

घेणाऱ्याने विनाकारण व्यवहार मोडला तर इसार जप्त करण्याची अट कोर्टं मान्य करतात, पण ती रक्कम वाजवी आणि खरोखर इसार म्हणून दिलेली हवी. किमतीचा हप्ता म्हणून घेतलेले दहा-पंधरा लाख केवळ 'इसार' असं नाव देऊन ठेवून घेता येत नाहीत. म्हणून टोकन लहान ठेवा आणि कागदपत्रं पाहून झाल्यावरच द्या.

बिल्डर बुकिंगच्या वेळीच २० टक्के मागतो. द्यावेत का?

नाही. रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायदा, २०१६ च्या कलम १३ नुसार विक्री करारनामा करून त्याची नोंदणी केल्याशिवाय प्रवर्तकाला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. प्रकल्पाचा महारेरा (महाराष्ट्राचं रेरा प्राधिकरण) नोंदणी क्रमांक घेऊन त्यांच्या संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख, मंजूर नकाशे आणि जमिनीवरचे बोजे पाहा. करारनाम्यात ताब्याची तारीख तीच आहे ना, हेही ताडून बघा. महारेराच्या आदर्श करारनाम्यातली चटई क्षेत्र, दोष दुरुस्तीची जबाबदारी, नैसर्गिक आपत्तीसारखी अपरिहार्य कारणं आणि अभिहस्तांतरण (मालकीचं रीतसर हस्तांतरण) ही कलमं बिल्डरला मनाप्रमाणे बदलता येत नाहीत. ताबा लांबला तर पैसे व्याजासह परत मागण्याचा किंवा प्रकल्पात राहून विलंबाचं व्याज घेण्याचा पर्याय कलम १८ ने घेणाऱ्याला दिला आहे.

साठेखत नोटरीकडे केलं तर चालेल का? नोंदणीचा खर्च वाचेल.

नोटरी फक्त सही कोणी केली याची साक्ष देतो. नोटरी केलेला कागद नोंदणी कार्यालयाच्या सूचीत कुठेच दिसत नाही. तोच विक्रेता उद्या तीच मिळकत दुसऱ्याला नोंदणीकृत दस्ताने विकू शकतो आणि त्या माणसाला तुमच्या कराराची माहिती होती, हे सिद्ध करत तुम्हाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. नोंदणीकृत साठेखत सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो त्यात दिसतं आणि नंतर शोध घेणाऱ्या प्रत्येकाला ते कळतं. ताबा घेऊन बसलेल्या माणसाला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३अ चं संरक्षणसुद्धा २००१ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत कराराशिवाय मिळत नाही.

सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदणीला सादर करावा लागतो. त्यानंतर आणखी ४ महिन्यांपर्यंत दंड भरून सादर करता येतो. बँक कर्ज देताना नोंदणीकृत करारच मागते.

मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च किती येतो आणि तो कोणी करायचा?

वेगळं ठरलं नसेल तर खर्च घेणाऱ्याचा. शुल्क करारातल्या किमतीवर किंवा वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यानुसार, म्हणजे रेडीरेकनरनुसार येणाऱ्या किमतीवर लागतं. दोन्हींपैकी जी जास्त असेल ती धरतात. मुंबईत मेट्रो अधिभारासह ६ टक्के, पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के. घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावे घेतलं तर १ टक्का सवलत मिळते. पतीचं नाव जोडलं की ती जाते. ३० लाखांपेक्षा जास्त किमतीच्या व्यवहारात नोंदणी फी ३० हजार रुपये, त्याखाली १ टक्का. शिवाय दस्त हाताळणी शुल्क पानांच्या संख्येप्रमाणे वेगळं.

पुण्यातला ८० लाखांचा जुना फ्लॅट धरा. मुद्रांक ५ लाख ६० हजार, फक्त पत्नीच्या नावे घेतला तर ४ लाख ८० हजार, नोंदणी फी ३० हजार. बँक कर्ज देताना हा खर्च बहुधा धरत नाही, त्यामुळे तो स्वतःच्या खिशातून वेगळा काढून ठेवावा लागतो. घेणाऱ्यांची सगळ्यात जास्त ओढाताण होते ती इथेच.

साठेखतावरच पूर्ण मुद्रांक भरला. मग पुन्हा खरेदीखत कशाला?

हा प्रश्न मुंबई-पुण्यात सर्रास विचारला जातो आणि त्याचं चुकीचं उत्तर तितकंच सर्रास दिलं जातं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमातल्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणानुसार, ज्या करारात खरेदीखताशिवाय ताबा दिला आहे किंवा द्यायचं ठरलं आहे, त्यावर खरेदीखताएवढंच शुल्क लागतं. ही सरकारने महसुलासाठी केलेली तरतूद आहे. शुल्क भरल्याने मालकी बदलत नाही. ती कलम ५४ प्रमाणे खरेदीखतानेच बदलते.

आणि खर्चाचं म्हणाल, तर आधी भरलेला मुद्रांक खरेदीखताच्या वेळी वजा मिळतो आणि त्याच दोन पक्षकारांमधल्या खरेदीखताला नाममात्र मुद्रांक पुरतो. दुय्यम निबंधक कार्यालयात एकदा परत जाण्याचा कंटाळा, एवढंच काय ते अडतं. पण दहा वर्षांनी तुम्ही विकायला निघालात, मूळ विक्रेता वारला असेल, त्याची मुलं परदेशात असतील, तेव्हा त्या एका दस्तासाठी काय काय करावं लागतं ते ज्यांनी भोगलं आहे त्यांना विचारा. शेवटचा हप्ता आणि खरेदीखत एकाच दिवशी करायचं, हे साठेखतातच लिहून घ्या.

शेतजमिनीत बिनताब्याचं साठेखत करतात. ताबा खरेदीखताच्या वेळीच द्यायचा असं स्पष्ट लिहिलं असेल तर मुद्रांकाचा हिशेब वेगळा होतो. मसुद्यातल्या एका ओळीवर लाखोंचा फरक पडत असल्याने शंका असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय, म्हणजे नेमकं किती शुल्क लागतं याचा निर्णय, करून घ्यावा. कमी मुद्रांक भरलेला दस्त कोर्टात पुरावा म्हणून घेत नाहीत आणि तुटीच्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड चढत जातो.

मसुदा हातात आला. वाचायला कुठून सुरुवात करू?

शेवटून. मिळकतीचं परिशिष्ट आधी काढा. सदनिका क्रमांक, मजला, विंग, चटई क्षेत्र, पार्किंग, सर्व्हे किंवा सिटीएस (नगर भूमापन) नंबर, चतुःसीमा हे सगळं जुन्या दस्ताशी, मंजूर नकाशाशी आणि मिळकत पत्रिकेशी ताडून बघा. जुन्या दस्तात बिल्टअप आणि नव्यात चटई असं झालं असेल तर दोन्ही आकडे स्पष्ट लिहायला लावा. पार्किंगचा क्रमांक दस्तात नसेल तर पुढे सोसायटीत भांडण ठरलेलं.

मग पूर्वइतिहास. 'कारणे साठेखत लिहून देतो ऐसाजे' नंतर मिळकत विक्रेत्याकडे कशी आली याची साखळी असते: बिल्डरकडून पहिला घेणारा, त्याच्याकडून दुसरा, मग वारस. प्रत्येक दुव्याचा दस्त क्रमांक आणि तारीख असली पाहिजे आणि मूळ दस्त डोळ्यांनी पाहायला हवा. मधला एखादा मूळ दस्त 'हरवला' असेल तर पोलीस तक्रार, वृत्तपत्रातली जाहीर नोटीस आणि नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत, एवढं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो दस्त कुठे गहाण पडलेला असू शकतो. ३० वर्षांचा शोध अहवाल करून घेण्याची रीत याचसाठी आहे.

त्यानंतर पैशांचं कलम. प्रत्येक हप्त्यापुढे रक्कम, तारीख आणि कशाच्या बदल्यात, हे तिन्ही हवं. 'उर्वरित रक्कम कर्ज मंजूर झाल्यावर देण्याचे ठरले आहे' अशी ओळ दिसली की थांबा, कारण तिच्यात तारीख नाही.

शेवटी ताबा, बोजाविरहित असल्याची हमी, आजवरची सोसायटी देणी, मिळकत कर आणि वीजबिल कोणी भरायचं, फर्निचर काय राहणार आणि काय जाणार. मॉड्युलर किचन, गीझर, पंखे यांची यादी जोडायला लाजू नका. कोटीच्या व्यवहारात गीझरवरून तोंडं फिरलेली असतात.

माझं गृहकर्ज नामंजूर झालं तर दिलेले पैसे बुडतात का?

साठेखतात काय लिहिलं आहे, त्यावर ते अवलंबून आहे. काहीच लिहिलं नसेल तर विक्रेता म्हणणार, कर्ज ही तुमची जबाबदारी, मुदतीत पैसे दिले नाहीत, करार मोडला. घेणाऱ्याने या धर्तीवरचं कलम मागावं:

'उर्वरित रक्कम रु. ६०,००,०००/- लिहून घेणार हे साठेखताच्या नोंदणी तारखेपासून ६० दिवसांत गृहकर्जाद्वारे अदा करतील. मिळकतीच्या हक्कातील अगर कागदपत्रांतील त्रुटीमुळे कर्ज नाकारले गेल्यास लिहून देणार यांनी स्वीकारलेली सर्व रक्कम बँकेचे नकारपत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करावी व उभयतांनी रद्दलेख नोंदवून द्यावा.'

कागदपत्रांत खोट निघाली तर पूर्ण परतावा आणि घेणाऱ्याच्या पगारामुळे किंवा जुन्या थकबाकीमुळे कर्ज नाकारलं तर ठरावीक छोटी रक्कम वजा करून परतावा, असा भेद केला तर तो दोन्ही बाजूंना न्याय्य ठरतो. विक्रेत्यानेही घर दोन महिने बाजारातून काढून ठेवलेलं असतं. साठेखताआधीच बँकेकडून पात्रतेचं पत्र घेतलं असेल तर ही वेळ फारशी येत नाही.

विक्रेत्याच्या फ्लॅटवर आधीचं कर्ज आहे. असा फ्लॅट घ्यावा का?

घ्यायला हरकत नाही, असे व्यवहार रोज होतात. फक्त पैशांचा रस्ता कागदावर आखून घ्या. वरचाच ८० लाखांचा फ्लॅट. विक्रेत्याचे २२ लाख फिटायचे आहेत, तुमचे स्वतःचे २० लाख आणि कर्ज ६० लाख. अडचण ही की तुमची बँक मूळ दस्त मागते आणि ते विक्रेत्याच्या बँकेत अडकलेले असतात.

विक्रेता त्याच्या बँकेकडून दोन कागद आणतो: बाकी रकमेचं पत्र आणि बँकेकडे असलेल्या मूळ दस्तांची यादी. साठेखतात या दोन्हींचा उल्लेख करतात. मग तुमची बँक ६० पैकी २२ लाखांचा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) थेट विक्रेत्याच्या कर्जखात्याच्या नावे काढते. ते खातं बंद होतं, ना-देय दाखला आणि मूळ दस्त सुटतात, ते तुमच्या बँकेत जमा होतात आणि त्यानंतर उरलेले ३८ लाख विक्रेत्याला मिळतात. दस्त सुटायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, ती मुदत करारात धरा. २२ लाख विक्रेत्याच्या बचत खात्यात देऊन 'मी भरून टाकतो' यावर विसंबू नका, तो सख्खा मेहुणा असला तरी.

गहाणाच्या नोंदी इंडेक्सवर, मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत असतील तर बोजा कमी करण्याची जबाबदारी आणि तारीख विक्रेत्यावर टाका.

टीडीएसचं काय?

व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का कापून विक्रेत्याच्या पॅनवर सरकारकडे भरायचा. आपल्या उदाहरणात ८० हजार. प्रत्येक हप्त्यातून कापायचा, शेवटी एकदम नव्हे. घेणारे-विकणारे चौघे असले तरी मर्यादा एकूण किमतीवर धरली जाते. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हा १ टक्का चालत नाही. दर बराच जास्त असतो आणि कमी कापला तर वसुली घेणाऱ्याकडून होते. अशा वेळी सनदी लेखापालाचा सल्ला आधी घ्या आणि विक्रेत्याला कमी कपातीचं प्रमाणपत्र काढायला सांगा.

काही रक्कम रोखीत द्या, मुद्रांक वाचेल, असं सांगतात.

स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही. रोख स्वीकारणाऱ्यावर, म्हणजे विक्रेत्यावर, तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. पण दंड बाजूला ठेवा. व्यवहार फिसकटला तर परत मागता येतात ते फक्त दस्तात लिहिलेले पैसे. आणि तुम्ही पुढे विकाल तेव्हा तुमची खरेदी किंमत दस्तातलीच धरली जाईल, नफा फुगेल आणि त्यावरचा कर तुम्ही भराल. वाचवलेले पैसे विक्रेत्याचे, जोखीम तुमची.

ठरलेली किंमतच रेडीरेकनरपेक्षा कमी असेल तर?

मुद्रांक रेडीरेकनरवर भरावा लागेल. फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर प्राप्तिकराचा त्रास सहसा होत नाही. त्यापेक्षा जास्त असेल तर विकणाऱ्याचा भांडवली नफा रेडीरेकनरच्या किमतीवर मोजतात आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात तो फरक मिळवला जातो. एकाच फरकावर दोघांना कर.

शेतजमिनीच्या साठेखतात वेगळं काय बघायचं?

सगळ्यात आधी, घेणारा शेतकरी आहे का. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकता येत नाही. घेणाऱ्याच्या किंवा त्याच्या वडिलांच्या नावचा सातबारा पुरावा म्हणून जोडतात.

मग विकणाऱ्याचा सातबारा. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, ते पाहा. वर्ग २ म्हणजे इनाम-वतन किंवा सरकारी वाटपाची बंधनं असलेली जमीन, ती सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीने घेण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कडक निर्बंध आहेत. इतर हक्कांत कूळ, सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, पुनर्वसनाचे शिक्के असतात. एकेका नोंदीचा फेरफार काढून वाचा. ज्या फेरफाराने वारस लागले, त्यात बहिणींची नावं आहेत का ते खास पाहा. 'बहिणींनी हक्क सोडला आहे' असं सांगितलं तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा. हिंदू वारसा कायद्यात २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बहिणीचा हिस्सा संपत नाही.

तिसरी गोष्ट मोजणी. कागदावर ८० आर आणि बांधाच्या आत ७२ आर, असं निघतं. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेण्याची आणि क्षेत्र कमी भरलं तर त्या प्रमाणात किंमत कमी करण्याची अट साठेखतात घाला. रस्त्याचंही तसंच. 'शेजाऱ्याच्या बांधावरून पिढ्यान् पिढ्या जातोय' हे विकणाऱ्याच्या तोंडून ठीक आहे, पण शेजारी नवीन मालकाला अडवणार. वहिवाटीचा रस्ता कुठल्या गटातून, किती रुंद, हे लिहून घ्या आणि शेजाऱ्याची संमतीची सही मिळाली तर उत्तमच.

गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे नोटरी साठेखतावर विकले जातात. तुकडेबंदी कायद्यात अलीकडे सवलती आल्या असल्या तरी तुमचा तुकडा त्यांत बसतो का, हे तहसील कार्यालयातून पक्कं केल्याशिवाय पैसे देऊ नका.

साठेखत झाल्यावर विक्रेता जास्त भाव मिळतोय म्हणून मागे फिरला. काय करता येतं?

करार पुरा करून मागण्याचा दावा करता येतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर विशिष्ट दिलासा कायद्यात असा हुकूम देणं पूर्वीसारखं कोर्टाच्या मर्जीवर राहिलेलं नाही. पण घेणारा पैसे द्यायला कायम तयार होता, हे दिसावं लागतं: कर्जमंजुरीचं पत्र, खात्यातली शिल्लक, विक्रेत्याला लेखी पाठवलेली 'खरेदीखत करून द्या' ही नोटीस. मुदत ३ वर्षांची, करारात ठरलेल्या तारखेपासून. तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून. नातेसंबंध सांभाळत 'बघू, करतील' म्हणत लोक ही तीन वर्षं घालवतात. वकिलामार्फत नोटीस पाठवली म्हणजे वैर धरलं असं होत नाही.

मी विकणारा आहे. माझ्या बाजूने कोणती काळजी घ्यायची?

विकणाऱ्यांना कोणी फारसं सांगत नाही, म्हणून जरा ठासून सांगतो. पूर्ण पैसे खात्यात जमा होण्याआधी खरेदीखतावर सही करू नका आणि किल्ली देऊ नका. पुढच्या तारखांचे चेक घेऊन 'संपूर्ण मोबदला मिळाला, तक्रार नाही' असं लिहून दिलंत आणि चेक परत आले, तरी नोंदलेली विक्री आपोआप रद्द होत नाही. मालकी गेलेली असते आणि तुमच्या हाती उरतो तो न मिळालेल्या रकमेपुरता मिळकतीवरचा बोजा आणि वसुलीचा दावा.

घेणाऱ्याने मुदत पाळली नाही तर काय, हे लिहा: किती दिवसांची नोटीस, किती व्याज, किती रक्कम वजा, आणि रद्दलेख नोंदवायला तो किती दिवसांत येईल. नोंदणीकृत साठेखत एकतर्फी पत्राने सूचीतून पुसलं जात नाही. घेणारा रद्दलेखाला आलाच नाही तर तुमचं घर अडकून पडतं. घेणाऱ्याकडून 'रंगकामासाठी' आधी किल्ली देण्याची गळ घातली जाते. नम्रपणे नाही म्हणा.

मी परदेशात आहे. कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार होईल का?

होईल. भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवा आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्या. अधिकार नेमक्या मिळकतीपुरते आणि नेमक्या कामापुरते द्या. मोबदला तुमच्याच खात्यात जमा होईल, अशी ओळ घाला. लिहून देणारा वारला की साधं मुखत्यारपत्र संपतं, त्यामुळे घेणाऱ्याने तो हयात असल्याची खात्री नोंदणीच्या दिवशी करावी. आणि मुखत्यारपत्र व साठेखत घेऊन 'मालक' झालेल्याकडून काही विकत घेऊ नका. अशा कागदांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे.

सोसायटी ट्रान्सफरसाठी लाखभर मागते.

महापालिका क्षेत्रात गृहनिर्माण संस्थेला हस्तांतरण अधिमूल्य म्हणून कमाल २५ हजार रुपयेच घेता येतात. 'ऐच्छिक देणगी'च्या नावाखालीही जास्त मागता येत नाहीत. ही रक्कम कोण देणार, ते साठेखतात लिहा. निम्मी-निम्मी वाटून घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे.

व्यवहार मोडला तर भरलेला मुद्रांक परत मिळतो का?

ताबा घेतलेला नसेल, साठेखत झाल्यापासून ५ वर्षांच्या आत नोंदणीकृत रद्दलेख केला असेल आणि रद्दलेखाच्या नोंदणीपासून ६ महिन्यांत अर्ज केला असेल तर काही वजावटीसह परतावा मागता येतो. नोंदणी फी परत मिळत नाही.

मिळकत गोव्यात असेल तर?

गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नानंतर मिळकत साधारणपणे पती-पत्नी दोघांची असते, म्हणून नाव एकाचंच असलं तरी दोघांच्या सह्या लागतात. वारसाहक्काची वाटणी इन्व्हेंटरी प्रक्रियेने (वारसांत मिळकत वाटण्याची कायदेशीर प्रक्रिया) झाली आहे का आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारासारखा उतारा) कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) आहे का, ते स्थानिक वकिलाकडून तपासून घ्या.

खरेदीखत झालं. आता आणखी काय उरतं?

मूळ दस्त आणि इंडेक्स टू ताब्यात घ्या आणि घरी गेल्यावर नावाचं स्पेलिंग, पॅन, क्षेत्र पुन्हा वाचा. चूक दिसली तर चूकदुरुस्ती दस्त लगेच करा, विक्रेता अजून फोन उचलतो आहे तोवर. शेतजमीन असेल तर फेरफाराची नोंद धरली गेली का आणि हरकतीची मुदत संपून ती प्रमाणित झाली का, हे पाठपुरावा करून बघा. गावठाण किंवा शहरातली जमीन असेल तर मिळकत पत्रिकेवर नाव लावून घ्या. सोसायटीचं भाग प्रमाणपत्र, मिळकत कर आणि वीजजोडणी नावावर करण्याच्या अर्जांवर विक्रेत्याच्या सह्या लागतात. त्या नोंदणीच्या दिवशीच, कार्यालयातून बाहेर पडण्याआधी घेऊन ठेवा.